कला शाखेत गणित: अर्थशास्त्राच्या प्रवेशासाठी मी विषय कसे निवडले

दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला जायचं असेल तर बारावीला गणित लागतं. राज्यशास्त्राला लागत नाही, समाजशास्त्राला लागत नाही, इतिहासालाही नाही. सामाजिक शास्त्रांच्या सगळ्या घरात हा एकच दरवाजा असा आहे, ज्याची किल्ली अकरावीच्या प्रवेश अर्जावरच घ्यावी लागते. हे वाक्य मला दहावीच्या निकालानंतर लगेच वाचायला मिळालं आणि पुढची दोन वर्षं त्याच्याभोवती आखली गेली. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींपैकी किती जणींना ते वेळेवर वाचायला मिळालं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले. अर्थशास्त्र हा शब्द मला पुस्तकातून कळायच्या आधी मार्केट यार्डातून कळला असं म्हणायला हरकत नाही. बेदाण्याच्या सौद्याला वडिलांबरोबर जायचे तेव्हा एकाच शेडवरच्या, एकाच रंगाच्या मालाला पंधरवड्यात इतका वेगळा भाव कसा मिळतो, हे मला समजत नसे. कोणी म्हणायचं कोल्ड स्टोरेजमध्ये माल फार पडलाय, कोणी म्हणायचं दिवाळीची मागणी निघाली की बघ. वडील म्हणायचे, "भाव आपण ठरवत न्हाई पोरी, आपण फक्त माल पिकवतो." मग ठरवतं कोण? हा प्रश्न मला शिकायचा होता.

दहावीचा निकाल जून २०२३ मध्ये लागला. मार्क चांगले होते, त्यामुळे घरात आणि गल्लीत एकच सूर होता: सायन्स. नव्वदच्या वर मार्क पडलेली मुलगी कला शाखेला जाणार म्हटल्यावर शेजारच्या काकू आईला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, पोरीचं काही बिनसलंय का. आई मला काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. आमच्याकडे कला शाखा म्हणजे ज्याला दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही त्याची जागा, असा समज आहे. हा समज मुलांचं खरंच नुकसान करतो. कारण हुशार मुलं तिकडे जात नाहीत, मुलं जात नाहीत म्हणून कॉलेजं तिथे विषय ठेवत नाहीत, आणि विषय नाहीत म्हणून पुन्हा मुलं जात नाहीत.

माझा आत्तेभाऊ तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याने एक गोष्ट केली, जी कुठल्याही मार्गदर्शन शिबिरापेक्षा मोलाची ठरली. तो म्हणाला, "शाखा नंतर ठरव. आधी जिथे जायचंय तिथली पात्रता वाच आणि तिथून उलटं मागे ये." दिल्ली विद्यापीठाची प्रवेश माहिती इंग्रजीत होती, लांबलचक होती. आम्ही दोघांनी ती मोबाइलवर बसून वाचली. तिथे अर्थशास्त्र ऑनर्ससाठी लिहिलं होतं: एक भाषा, गणित किंवा उपयोजित गणित, आणि यादीतले आणखी दोन विषय. राज्यशास्त्रासाठी एक भाषा आणि यादीतले कुठलेही तीन विषय चालणार होते. शिवाय एक अट होती, जी पुढे फार महत्त्वाची ठरली: सीयूईटी या प्रवेश परीक्षेत ज्या विषयांचे पेपर द्यायचे ते विषय बारावीला घेतलेले असले पाहिजेत.

सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सामाईक परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी दिल्लीचे कटऑफ बारावीच्या मार्कांवर लागायचे. आता बारावी उत्तीर्ण व्हावं लागतं, पण प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो. म्हणजे विषय निवडताना प्रश्न दोन होते. हा विषय माझ्या पदवीच्या अटीत बसतो का, आणि या विषयाचा सीयूईटीत पेपर आहे का? दुसरा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारतच नाही. आपल्या राज्य मंडळात कला शाखेला तर्कशास्त्र आहे, तत्त्वज्ञान आहे. मला तर्कशास्त्र फार आवडलं असतं, आत्तेभावाच्या एका मित्राचं पुस्तक मी चाळून पाहिलं होतं. पण सीयूईटीच्या विषयांच्या यादीत तर्कशास्त्र नाही, तत्त्वज्ञानही नाही. चारच ऐच्छिक विषय घ्यायचे असताना त्यातला एक असा घेतला की परीक्षेला तीनच हाताशी उरतात. ते मनाविरुद्ध बाजूला ठेवलं.

मग गणित कुठल्या शाखेतून घ्यायचं, हा खरा मुद्दा. तिन्ही रस्ते आम्ही नीट तपासले.

विज्ञान शाखेतून अर्थशास्त्राला जाता येतं. भाषा, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे चार पेपर देऊनही पात्रता पूर्ण होते, आणि आता दिल्लीत माझ्या वर्गात असे बरेच जण आहेत. पण मला ती दोन वर्षं प्रयोगवह्या आणि जेईईच्या वातावरणात काढायची नव्हती, आणि राज्यशास्त्राचं एक पानही न वाचता सामाजिक शास्त्राकडे जायचं मला पटत नव्हतं. शिवाय अर्थशास्त्र नाही मिळालं तर राज्यशास्त्राला जायची माझी तयारी होती, आणि त्यासाठी तो विषय आधी भेटलेला असणं गरजेचं वाटलं.

वाणिज्य शाखेचा रस्ता जास्त मळलेला आहे. तिथे अर्थशास्त्र असतंच, गणित घेता येतं, आणि तिथल्या गणितात निर्देशांक, कालश्रेणी, विमा, वार्षिकी असे धडे आहेत. सीयूईटीच्या गणितात पहिले १५ प्रश्न सगळ्यांना सारखे असतात, पुढचे ३५ शुद्ध गणिताचे किंवा उपयोजित गणिताचे निवडता येतात. वाणिज्यची मुलं उपयोजितकडे सहज वळू शकतात. ज्याला पुढे बी.कॉम. किंवा सीएचाही विचार आहे, त्याला मी आजही हाच रस्ता सुचवीन. पण त्यात पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती यांसारख्या विषयांना जागा द्यावी लागते, आणि माझं मन त्यात नव्हतं.

तिसरा रस्ता म्हणजे कला शाखेत गणित. राज्य मंडळाच्या विषय यादीत तो आहे. विषयाचं नावच 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' असं आहे. म्हणजे मंडळाने कला शाखेच्या मुलांना तो हक्क कधीच देऊन ठेवलेला आहे. प्रश्न असा की गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो कागदावरून वर्गात उतरतच नाही.

तेव्हा अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरतीच होती. आमच्याकडे थेट कॉलेजात जाऊन अर्ज भरायचा. जवळच्या एका कॉलेजात गेलो तर कला शाखेचे गट छापूनच ठेवलेले. एका गटात इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. दुसऱ्यात थोडा फेरफार. खिडकीतल्या क्लार्कना मी म्हटलं, मला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल आणि गणित हवंय. त्यांनी अर्ज परत सरकवला आणि म्हणाले, "गणित पाहिजे तर सायन्सला जा की. आर्ट्सला कोण गणित घेतंय?" मी मंडळाची यादी दाखवली. ते म्हणाले, यादी असेल, आमच्याकडे वर्ग नाही. प्राचार्यांना भेटलो, त्यांचंही तेच. एका मुलीसाठी वेळापत्रक बदलता येणार नाही.

मला राग आला तो त्या माणसांचा कमी आणि त्या छापील गटांचा जास्त. ते गट शिक्षक कोण उपलब्ध आहेत आणि तासिका कशा बसतात यावरून ठरलेले असतात. पुढे मुलं कुठे जाऊ शकतील, याचा विचार त्यात कुठेच नसतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात तो कागद येतो आणि तिला वाटतं, जगात एवढेच पर्याय आहेत. तिला अर्थशास्त्र विषय मिळतो, ती दोन वर्षं तो आवडीने शिकते, आणि नंतर कळतं की त्याच विषयाच्या चांगल्या पदवीला ती अर्जसुद्धा करू शकत नाही.

शेवटी सांगलीच्या एका कॉलेजात मार्ग निघाला. तिथे विज्ञानाचे वर्ग सकाळी आणि कलेचे दुपारी भरायचे. गणिताच्या मॅडम म्हणाल्या, सकाळी माझ्या सायन्सच्या तासाला बस, मला काही अडचण नाही. तरी कार्यालयातले लोक साशंक होते, परीक्षा अर्ज भरताना विषय जुळला नाही तर मुलीचं वर्ष जाईल म्हणून. ती शंका रास्त होती. त्यांनी कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे विचारणा केली, तिकडून चालतं असं उत्तर आलं, आणि मगच माझा प्रवेश पक्का केला. तिथल्या क्लार्क काकांनी स्वतःहून दोनदा फोन लावला होता. एखाद्या संस्थेत असा एक माणूस भेटला की अर्धं काम होतं.

तासगाव ते सांगली रोजची एसटी. मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, त्यामुळे भाड्याचा प्रश्न आला नाही. तो पास नसता तर घरच्यांनी इतक्या सहज हो म्हटलं असतं का, शंकाच आहे. सकाळी गणित, मग मधला रिकामा वेळ वाचनालयात, दुपारी कलेचे वर्ग. दिवस लांब जायचा.

आता उरलेल्या विषयांबद्दल. राज्य मंडळात सहा विषय: इंग्रजी, दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं आणि बरेच जण घेतात, कारण त्यात मार्क पडतात. मलाही तोच सल्ला मिळाला. पण सीयूईटीत मराठीचा पेपर आहे, तेरा भाषांत ती आहे, आणि दिल्ली विद्यापीठ भाषेच्या जागी मराठी धरतं, अट एवढीच की ती बारावीला शिकलेली हवी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने आपली सर्वांत पक्की भाषा मार्कांसाठी सोडायची म्हणजे हातातलं शस्त्र घरी ठेवण्यासारखं होतं. मी मराठी ठेवली. हे पुढे इतकं उपयोगी पडलं की मराठी माध्यमाच्या प्रत्येक मुलामुलीला मी हे आवर्जून सांगते. परराज्यातल्या विद्यापीठात जायचं म्हणजे मराठी मागे ठेवायची असं समजू नका. त्या अर्जात मराठीचे २५० गुण इंग्रजीच्या २५० गुणांइतकेच मोजले जातात.

अर्थशास्त्र आणि गणित ठरलेलंच होतं. राज्यशास्त्रही. चौथ्या जागेसाठी इतिहास की भूगोल, यावर मात्र मी बराच काळ अडले. इतिहास मला मनापासून आवडतो. पण सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे, म्हणून मी दोन्हीकडची पुस्तकं समोरासमोर ठेवून अनुक्रमणिका पाहिली. आपल्या मंडळाचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं, वसाहतवाद, मराठ्यांचा वसाहतवादाशी संघर्ष, समाजसुधारणा, महायुद्धं, शीतयुद्ध असं पुढे जातं. पुस्तक चांगलं आहे, मी ते नंतर हौसेने वाचलं. एनसीईआरटीचं पुस्तक हडप्पापासून सुरू होतं, महाभारताच्या काळातला समाज, बौद्ध स्तूप, परदेशी प्रवासी, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकाळातलं शेतकरी जीवन अशा विषयांवरून संविधानापर्यंत येतं. दोन्ही मिळून एक सुंदर इतिहास होईल, पण दोन महिन्यांत दोन वेगळे अभ्यासक्रम होतात. मंडळाच्या परीक्षेला एक इतिहास आणि सीयूईटीला दुसरा.

भूगोलाचं तसं नव्हतं. आपल्या बारावीच्या भूगोलात लोकसंख्या, मानवी वसाहती, प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास. एनसीईआरटीच्या मानवी भूगोलात जवळपास हेच. एका अभ्यासात दोन्ही परीक्षा. शिवाय भूगोलाचा हा भाग अर्थशास्त्राच्या शेजारीच बसतो: शेती कुठे, कारखाने कुठे, माणसं स्थलांतर का करतात. मी भूगोल घेतला. इतिहास घेणारी मुलं काही कमी शहाणी नाहीत. ज्यांना इतिहासातच पदवी करायची आहे त्यांनी इतिहासच घ्यावा, दुप्पट वाचन झालं तरी. माझा प्रश्न वेगळा होता म्हणून उत्तर वेगळं आलं.

समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांचाही विचार झाला. दोन्ही सीयूईटीत आहेत. पण आमच्या कॉलेजात मानसशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक नव्हते, आणि समाजशास्त्र घेतलं असतं तर राज्यशास्त्र सुटत होतं. राज्यशास्त्राचे सर फार चांगले होते. विषय निवडताना शिकवणारं माणूस कोण आहे, हे पाहण्यात काहीही गैर नाही. मी तर म्हणेन, दोन विषय सारखेच उपयोगी असतील तर शिक्षक पाहूनच निवडावा.

अकरावीचं गणित जड गेलं. वर्ग इंग्रजीतून चालायचा, आजूबाजूची मुलं क्लासमध्ये तोच धडा आधी करून आलेली असायची. मॅडमनी मला एक सवय लावली: उदाहरण सोडवण्याआधी ते काय विचारतंय ते मराठीत एका वाक्यात लिहायचं. वर्षअखेरीपर्यंत ती वाक्यं लिहिण्याची गरज संपली. बारावीत विकलन आलं आणि त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचिकता चालू होती. तिकडे सर शेकडा बदल भागिले शेकडा बदल असं शिकवत होते, इकडे मॅडम बदलाचा दर शिकवत होत्या. दोन्ही एकच गोष्ट सांगताहेत हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला. तसंच रेषीय नियोजनाचं. ठरावीक जमीन, ठरावीक पाणी, दोन पिकं, जास्तीत जास्त नफा कुठे, हे आलेखावर काढता येतं. वडिलांना ते दाखवलं तर ते म्हणाले, ह्यात गारपीट कुठं धरलीया? तो प्रश्न मी सोडवू शकले नाही, पण त्यानंतर त्यांनी माझ्या गणिताबद्दल कधी शंका घेतली नाही.

नियम मात्र पायाखालून सरकत राहिले. मी अकरावीला गेले तेव्हा सीयूईटीत दहापर्यंत विषय देता येत होते. अकरावी संपली तेव्हा ती संख्या सहा झाली होती. बारावीच्या मध्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की २०२५ पासून जास्तीत जास्त पाच, सगळे पेपर संगणकावर, आणि एकूण विषय ६३ वरून ३७. उद्योजकता, विधी अध्ययन असे काही विषय यादीतून गेलेच. ज्या मुलांनी त्यांच्या भरवशावर दोन वर्षं घातली असतील त्यांचं काय झालं असेल? माझे चारही विषय मूळ, जुने, कोणी काढणार नाही असे होते, म्हणून मला धक्का बसला नाही. दोन वर्षांनंतरच्या परीक्षेसाठी आज विषय निवडायचा असेल तर नावीन्यापेक्षा टिकाऊपणा पाहावा, हे मी तिथे शिकले.

त्याच घोषणेत असंही होतं की बारावीला नसलेला विषयही सीयूईटीत देता येईल. माझ्या दोन मैत्रिणी आनंदून गेल्या, आता आपणही गणिताचा पेपर देऊ म्हणाल्या. पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेने परवानगी देणं वेगळं आणि विद्यापीठाने ते गुण मान्य करणं वेगळं. दिल्ली विद्यापीठाने बारावीला शिकलेल्याच विषयांची अट कायम ठेवली होती. ते मी त्यांना दाखवलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण त्यातली एक माझ्यापेक्षा आकडेमोडीत चांगली होती. तिला अकरावीत कोणी विचारलंच नव्हतं.

पाचाच्या मर्यादेने माझा एक बेत मोडला. मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा देणार होते, कारण इतर काही विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना इंग्रजीचा पेपर लागत होता. आता मराठी, गणित, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल हे पाच झाले की जागा संपली. भूगोल काढून इंग्रजी घालायचं का? मग दिल्लीत अर्थशास्त्राची पात्रता राहिली असती, पण राज्यशास्त्राला लागणारे तीन विषयही जेमतेम झाले असते आणि एखादा पेपर वाईट गेला तर बदली विषय उरला नसता. मराठी काढून इंग्रजी घालायचं का? तिथे मात्र मन तयार होईना. मी भूगोल आणि मराठी ठेवली आणि इंग्रजी मागणारे अभ्यासक्रम सोडून दिले. पर्याय म्हणून पुण्यातली, बारावीच्या मार्कांवर प्रवेश देणारी कॉलेजं धरून ठेवली.

अर्ज मार्च २०२५ मध्ये भरले, बारावीचे पेपर चालू असतानाच. मंडळाची परीक्षा संपल्यावर मे महिन्याच्या मध्यापर्यंतचा वेळ एनसीईआरटीला. ही पुस्तकं हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठी माध्यमात मागता येते, पण अभ्यास इंग्रजी पुस्तकांतून करून पेपर मराठीत वाचणं मला सोयीचं वाटलं नाही, म्हणून विषयांचं माध्यम इंग्रजी ठेवलं. दोन वर्षं मराठीत शिकलेलं राज्यशास्त्र पुन्हा इंग्रजीत बसवायला वेळ लागला. मराठी माध्यमाच्या मुलांना ही जादा मेहनत करावी लागते आणि ती कुठे मोजली जात नाही. एनसीईआरटीची सामाजिक शास्त्रांची पुस्तकं मराठीत यायला हवीत, असं मला अगदी तळमळीने वाटतं.

अर्थशास्त्रात आपल्या मंडळाकडे उपयोगिता, मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, राष्ट्रीय उत्पन्न हे झालेलं होतं. उत्पादन फलन, खर्चाचे वक्र, गुणक, खुली अर्थव्यवस्था हे नव्याने करावं लागलं. राज्यशास्त्रात १९९१ नंतरचं जग आणि जागतिकीकरण जुळलं, पण स्वातंत्र्यानंतरचं भारतातलं राजकारण, पक्षपद्धती, आणीबाणी, प्रादेशिक आकांक्षा हे सगळं वेगळं वाचलं. भूगोलाने अपेक्षेप्रमाणे वेळ वाचवला, तोच वेळ गणिताला दिला.

परीक्षा कोल्हापूरला झाली, पेपर वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येक पेपर ६० मिनिटं, ५० प्रश्न, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा. मराठीच्या पेपरला मी निवांत होते. गणिताला वेळ पुरला नाही. निकाल ४ जुलैला आला. मग दिल्ली विद्यापीठाच्या पोर्टलवर कॉलेज आणि अभ्यासक्रम यांच्या जोड्या पसंतीक्रमाने लावायच्या. तिथे अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र अशी दोन्ही नावं मिसळून लावता आली, हे त्या पाच विषयांमुळे. राज्यशास्त्राला गणित लागत नाही म्हणून ते सोपं पडेल असं कोणी समजू नये. हिंदू कॉलेजसारख्या ठिकाणी राज्यशास्त्राचा कटऑफ विद्यापीठातल्या सर्वांत वरच्यांपैकी असतो. मला अर्थशास्त्र मिळालं, यादीत बऱ्यापैकी वर लावलेल्या कॉलेजात.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले आणि पहिल्याच सत्राचे तीन मुख्य विषय समोर आले: सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थशास्त्रासाठी गणिती पद्धती, अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र. तीनातले दोन गणिताचेच. विद्यापीठ गणिताची अट का घालतं, हे त्या वेळापत्रकावरूनच कळलं. दुसऱ्या सत्रातही तसंच आहे. विज्ञानाकडून आलेली मुलं गणितात वेगाने पुढे जातात, मला अजूनही जास्त वेळ लागतो. पण धोरणावर चर्चा निघते, शेतमालाच्या किमती, स्थलांतर, राज्यांचे अधिकार, तेव्हा भूगोल आणि राज्यशास्त्राची दोन वर्षं माझ्या बाजूने उभी राहतात. ऐच्छिक विषय म्हणून मी राज्यशास्त्राचाच एक पेपर घेतला आहे.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात सुरू झाले आहेत, दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. माझी मामेबहीण यंदा दहावीला आहे आणि तिला मानसशास्त्र करायचं आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा आम्ही जवळच्या कॉलेजांची नावं एका वहीत उतरवली आणि प्रत्येकासमोर रकाना आखला: मानसशास्त्राला शिक्षक आहेत का, कला शाखेत गणित देतात का, दुसरी भाषा ठेवता येते का. ही माहिती पोर्टलवर पूर्ण मिळत नाही, म्हणून मामा स्वतः कॉलेजांत जाऊन विचारताहेत. आतापर्यंत तीन रकाने भरले आहेत.